मावशीचं सर्टिफिकेट

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सरकारी सर्टिफिकेट झळकतं. कोणी बघावा, कोणी बघू नये, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. पण ते वाचतो कोण? तेवढ्यात आपली खुर्ची शोधायची असते, धाकट्याला मांडीवर घ्यायचं असतं, थोरलीला 'आता बोलायचं नाही' म्हणून दटावायचं असतं. आमच्या भागातल्या आईबापांना त्या सर्टिफिकेटची कधी गरजही वाटली नाही. थेटराच्या दारात मावशी होती.

मावशी म्हणजे दारावर तिकिटं फाडणारी बाई. नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते मालकांखेरीज कुणाच्या तोंडी नव्हतं. उंच, सडपातळ, कमरेला टॉर्च अडकवलेला, डोळ्यांवर जाड काचा. तिकिटाचा अर्धा तुकडा डब्यात टाकायचा, अर्धा परत द्यायचा आणि उशिरा येणाऱ्यांना अंधारात खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. टॉर्च ती लोकांच्या पायांवर धरायची, तोंडावर कधीच नाही. कुठली खुर्ची कुरकुरते, कुठलीची स्प्रिंग टोचते, कुठे बसलं की खांब आड येतो, सगळं तिला पाठ होतं. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायची, "रोज इतकी लग्नं बघते पडद्यावर, पोट भरलं."

शनिवारी सकाळी मुलांचा खास खेळ असायचा. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की मावशी दाराच्या आतल्या बाजूला आपलं स्टूल मांडून तो बघून घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत तिचा निकाल गल्लीबोळात पोचलेला असायचा. निकाल दोनच. 'चालेल', नाहीतर 'नाही चालणार'. का, कसं, कुणाला, असले फाटे फोडायला तिला आवडायचं नाही. बाजारात कुणी अडवलं, "मावशी, राक्षसाचा सिनेमा लागलाय म्हणे, आमच्या बारक्याला दाखवू का?" की ती टोमॅटो निवडता निवडता म्हणायची, "चालेल." संपलं. वर प्रोजेक्टरच्या खोलीत बसणारा ऑपरेटर तिला चिडवायचा, "मावशी, एक शिक्काच करून घ्या. तिकिटावर मारत जा."

आणि मग तो तळ्याचा सिनेमा आला.

कार्टूनचा सिनेमा, परीकथेसारखा. एका नावाड्याच्या मुलीची गोष्ट. तिची आई वारते, पण बाप तिला सांगतो की आई तळ्यापलीकडच्या गावाला गेली आहे, येईल. मुलगी रोज काठावर जाऊन बसते. तळ्यात एक म्हातारी राहत असते, माशासारख्या डोळ्यांची. ती म्हणते, तुझं हसू मला दे, मी तुला आईकडे नेते. मुलगी हसू देऊन टाकते आणि पाण्याखाली जाते. सोबत एक वटवट्या हंस. चित्रं फार देखणी होती. पाण्याखालचं घर तर असं रंगवलं होतं की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा.

मावशीने शुक्रवारी स्टूल मांडलं, सिनेमा सुरू झाला. हंसाने पहिल्याच प्रसंगात नावेतून पडून सगळ्यांना हसवलं. मावशीही हसली. मध्यंतरानंतर मुलगी त्या पाण्याखालच्या घराचं दार ढकलते, आत तिची आई पाठमोरी बसलेली असते, हातात कंगवा. आई वळून न बघताच म्हणते, "ये, केस किती गुंतलेत तुझे."

मावशी उठली. दाराचा पडदा बाजूला सारून बाहेर आली आणि पोस्टरांच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत खेळ चालू असताना ती दार सोडून कधी बाहेर आली नव्हती. पाणी प्यायली, तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन उगाच इकडचं तिकडचं बोलली. परत आत गेली तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती आणि लोक चपला शोधत होते.

त्याच संध्याकाळी समोरचा चष्मेवाला आला. थेटरासमोरच त्याचं दुकान. मावशीच्या जाड काचा त्यानेच बसवलेल्या. लहानपणी तो तिकीट न काढता आत घुसायचा आणि मावशी त्याचा कान धरून बाहेर काढायची, म्हणून ती त्याला अजून अरेतुरेच करायची. आदल्या वर्षी त्याची बायको वारली होती. मागे एक मुलगी, आठ वर्षांची. एका जागी ठरायची नाही, आणि बाप भिंगं घासणारा, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. आई गेल्यापासून मात्र तिचं फिरणं कमी झालं होतं. दुकानातल्या बाकावर बसून ती गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचताना बघत राहायची.

"मावशी, उद्या शाळेतून सगळा वर्ग या सिनेमाला येतोय," तो म्हणाला. "बाईंनी मला मुद्दाम बोलावून विचारलं, तुमच्या मुलीला पाठवायचं का. आई असते म्हणे त्यात."

"असते."

"मग?"

"नको पाठवू."

त्याने सुटकेचा श्वास टाकला. मनात त्याच्याही तेच होतं, दुसऱ्या कुणीतरी म्हणून दाखवायला हवं होतं. "बरं झालं तुम्हाला विचारलं," असं म्हणून तो दुकानात गेला.

शनिवारी मुलं आली, दोनदोनाच्या रांगेत, एकमेकांचे हात धरून. भिंगरी तेवढा वेळ शेजारच्या वर्गात चित्रं काढत बसली. मावशीने तिकिटं फाडली, मुलांना बसवलं आणि या खेपेला स्टूल दाराबाहेर मांडलं. आतून हसण्याचे आवाज आले, मग बराच वेळ काही आवाज आला नाही, मग पुन्हा हसण्याचे. बाहेर पडताना एकदोघांचे डोळे लाल होते, बाकी सगळे हंसासारखे फेंगडे चालत होते. मावशीने मनाशी म्हटलं, चला, पार पडलं.

पण पार पडलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात एका दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी रस्ता ओलांडून थेट थेटराच्या दारात आली. दप्तर पाठीवरच होतं.

"मावशी, तू बाबाला सांगितलंस ना, मला पाठवू नको म्हणून?"

मावशी तिकिटांचा डबा पुसत होती. "हो. मीच सांगितलं."

"त्यातल्या आईचं डोकं माशाचं असतं का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"वर्गात. एक जण म्हणाला, आई बुडते आणि तिला मासे खातात. माझ्या शेजारची म्हणाली, शेवटी ती मुलगीपण मरते. मी म्हटलं, नीट सांगा ना. तर बाई म्हणाल्या, तो विषय बंद. आता मी गेले की सगळे गप्प बसतात." तिने दप्तराचा पट्टा वर सरकवला. "मला रोज त्याची स्वप्नं पडतात. मी बघितलापण नाही, तरी."

मावशीने डबा खाली ठेवला आणि तिला बाकावर बसवलं. "असं काही नाहीये त्यात. मासेबिसे कुणाला खात नाहीत. आईचं डोकं आईसारखंच आहे. छान दिसते. तिची मुलगी तिला शोधत जाते आणि ती भेटते."

"मग? पुढे?"

"पुढे... आई तिचे केस विंचरते."

"आणि शेवटी काय होतं? ती मरते का?"

मावशी बोलायला गेली आणि थांबली. शेवटी काय होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. समोर आठ वर्षांची मुलगी तोंडाकडे बघत बसली होती. थाप मारून वेळ मारून नेता आली असती. ती म्हणाली, "भिंगरे, मी शेवट बघितलाच नाही. मध्येच उठून बाहेर आले."

"का?"

"मला बघवेना."

भिंगरीने थोडा विचार केला. "म्हणजे तुला भीती वाटली, आणि मला नाही पाठवलं."

"हो," मावशी म्हणाली. "तसंच झालं."

मुलगी रागावली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "मग आधी तू बघ," आणि रस्ता ओलांडून दुकानात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला मावशीने तिकिटखिडकीवरच्या बाईला दारावर उभं केलं, स्वतः तिकीट काढून आत गेली आणि स्टुलावर न बसता मधल्या रांगेतल्या खुर्चीत बसली. कंगव्याचा प्रसंग आला तेव्हा खुर्चीचे दोन्ही हात तिने घट्ट धरून ठेवले. तिची स्वतःची आई ती सहा वर्षांची असताना गेली होती. तेव्हा तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, आई मोठ्या दवाखान्यात गेलीये, बरी झाली की येईल. ती येईल हे शब्द ऐकत मावशी मोठी झाली. ती येणार नाही असं तिला कुणी कधी सांगितलं नाही. एक दिवस तिने विचारायचं सोडून दिलं, एवढंच.

या वेळी ती उठली नाही. पाण्याखालची आई मुलीची वेणी घालते, आणि म्हणते, मला येता येणार नाही, तुला मात्र वर जायला हवं. मुलगी हट्ट धरते. आई तिला दारापर्यंत सोडते. वर आल्यावर कळतं की म्हातारी वैतागली आहे, कारण डबीत कोंडलेलं ते हसू रात्रंदिवस खिदळतं आणि तिला झोपू देत नाही. ती डबी मुलीच्या अंगावर फेकते आणि म्हणते, घेऊन जा बाई तुझं हे. बाप काठावर उभा असतो. मुलगी घरी येते. आई येत नाही. शेवटच्या चित्रात बाप तिचे केस विंचरत असतो, वाईट विंचरत असतो, आणि हंस त्याला शिकवत असतो.

मावशीने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि तशीच उठून चष्मेवाल्याच्या दुकानात गेली.

तो एका फ्रेममध्ये काच बसवत होता. मावशीने सगळं सांगितलं. मुलगी आली होती, तिला काय काय स्वप्नं पडतात, आणि आपण अर्धाच सिनेमा बघून निकाल दिला होता, तेही. त्याने हातातला बारका स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही बघितलाच नव्हता?"

"अर्धा बघितला होता."

"मी तुमच्या शब्दावर पोरीला वर्गातून बाजूला काढलं, मावशी."

"काढलंस. चुकलं माझं. आता मी म्हणते, तिला दाखव. तू शेजारी बस, मीपण बसते."

"आता पुन्हा तुमच्याच शब्दावर?" त्याचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "तुम्हाला काय, आज नाही म्हणाल, उद्या हो म्हणाल. रात्री घरी तिच्याजवळ मी असतो."

मावशी आली तशी परत गेली. त्या दिवशी तिने दोन माणसांना चुकीच्या रांगेत बसवलं, तेव्हा ऑपरेटर खाली येऊन म्हणाला, "मावशी, बरं नाही का?" तिने त्यालाही सगळं सांगितलं. तो आपला ऐकत राहिला आणि म्हणाला, "येईल तो. बाप आहे, थोडा वेळ लागणारच."

तो आला. आठवडा संपत आला होता आणि सिनेमा उतरायच्या बेतात होता. चष्मेवाला दारात उभा राहून आधी पोस्टरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काल जेवताना तिने विचारलं, बाबा, आईला मासे खातात का. मी घास तोंडात घेऊन नुसता बसून राहिलो." जरा वेळाने म्हणाला, "मला गोष्टी सांगता येत नाहीत, मावशी. तिची आई सांगायची. आपण दाखवू. पण तिला जड गेलं तर?"

"तर थांबवू."

"सिनेमा थांबवणार?"

"आपलं थेटर आहे," मावशी म्हणाली. थेटर अर्थात मालकांचं होतं, आणि त्यांना ही कल्पना मुळीच आवडली नाही. भर खेळात सिनेमा थांबवला तर बाकीची माणसं खुर्च्या तोडतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. ऑपरेटरने तोड काढली. दुपारच्या खेळाआधी झाडलोट चालते, तेव्हा मशीन तपासायला तो थोडंफार चालवून बघतोच. ते थोडंफार त्या दिवशी जरा जास्त चालेल. "पूर्वी रीळ असतं तर मी नाही म्हटलं असतं," तो म्हणाला. "थांबवलं की पट्टी जळायची. आता काय, बटण दाबलं की थांबतं." मालक म्हणाले, "मला काही माहीत नाही," आणि त्यांच्या बोलीत हा होकार असायचा.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी भिंगरी आली. बाप एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला, मध्ये ती. सगळे दिवे घालवले नव्हते, कडेचे मंद ठेवले होते. आवाजही बेताचा होता. मावशीने नियम सांगितला. "तू हात वर करायचास. मी टॉर्च मागच्या काचेवर मारते. वरचे काका सिनेमा थांबवतात. का म्हणून तुला कुणी विचारणार नाही."

"कितीही वेळा?"

"कितीही वेळा."

भिंगरीने लगेच हात वर केला. मावशीने टॉर्च मारला, वरून ऑपरेटरचा आवाज आला, "अजून सुरूच कुठे केलाय?" भिंगरी समाधानाने खुर्चीत मागे टेकली. नियम खरा होता.

सिनेमा सुरू झाला. आई वारते तो भाग आला तेव्हा चष्मेवाल्याने मुलीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. हंस नावेतून पडला, ती हसली. म्हातारी पाण्यातून वर आली, मोठे मोठे डोळे, हिरवी बोटं. मावशीचा हात टॉर्चच्या बटणावर गेला. भिंगरी म्हणाली, "हिला चष्मा पाहिजे," आणि तिच्या बापाला खोकला आला की हसू आलं ते कळलं नाही.

मग ते घर आलं, तो कंगवा आला. "ये, केस किती गुंतलेत तुझे." तिघांपैकी कुणी हललं नाही. वेणी घालून झाली. आई म्हणाली, "आता तुला वर जायला हवं." आणि भिंगरीचा हात वर गेला.

टॉर्च. पडद्यावर आईचा चेहरा तसाच थांबला, तोंड अर्धवट उघडं, कंगवा हवेत. दिवे लागले. चष्मेवाल्याने मुलीचा खांदा धरला. का म्हणून विचारायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून दोघंही गप्प बसले.

"मला शू आलीये," भिंगरी म्हणाली.

मागच्या रांगेतून कुणीतरी जोरात हसलं. मालक कधी येऊन बसले होते, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मावशी तिला घेऊन गेली आणि दाराबाहेर उभी राहिली. आतून आवाज आला, "मावशी, ती मुलगी वर जाणार ना?"

"जाणार."

"आणि आई नाही ना जाणार?"

मावशीने भिंतीला हात टेकला. "नाही. आई नाही जाणार."

पाणी सोडल्याचा आवाज आला. भिंगरी बाहेर आली, हात धुतले, फ्रॉकला पुसले. "बरं," ती म्हणाली. "चल लवकर, काका थांबलेत."

उरलेला सिनेमा तिने बापाच्या दंडावर डोकं ठेवून बघितला. हसू खिदळायला लागलं तेव्हा खिदळली. शेवटी बाप केस विंचरतो आणि हंस त्याला शिकवतो, तिथे ती रडली. मोठ्याने नाही, नुसतं पाणी येत राहिलं. हात मात्र वर केला नाही.

दिवे लागले तरी कुणी उठेना. झाडूवाल्याने दारातून डोकावून बघितलं आणि मावशीच्या इशाऱ्याने तो परत फिरला.

"त्या बाबांनी तिला आधीच सांगितलं असतं ना," भिंगरी पडद्याकडे बघत म्हणाली, "तर ती म्हातारीकडे गेलीच नसती. उगाच हसू द्यावं लागलं तिला."

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. असं कधीही करू नका म्हणून तो गिऱ्हाइकांना रोज बजावायचा. "मीपण तुला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "आई बरी होऊन येईल असंच म्हणत राहिलो."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"आत्याकडे होते ना मी, तेव्हापासून. आत्या फोनवर रडत होती. मग तिने मला टीव्ही लावून दिला."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू रडला असतास."

तो रडलाच. भिंगरीने त्याच्या हातातून चष्मा काढून घेतला, पडू नये म्हणून, आणि दोन्ही हातांत धरून बसली. मावशी उठून दाराकडे गेली. मालक तिथे उभे होते, ते म्हणाले, "मशीन नीट चाललंय ना, ते बघायला आलो होतो." मावशी म्हणाली, "चाललंय."

दुपारचा खेळ त्या दिवशी थोडा उशिराच सुरू झाला. बाहेर रांगेतली माणसं कुरकुरली, पण खुर्च्या कुणी तोडल्या नाहीत.

मावशीला मात्र घरी जाऊन स्वस्थ बसवेना. रविवारी सकाळचा खेळ दुसऱ्या कुणावर सोपवून ती थोरल्या बहिणीकडे गेली. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, गुडघ्यांनी बेजार, खिडकीपाशी बसून उसवलेल्या उशीला टाके घालत होती. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. मग मावशी म्हणाली, "ताई, आई गेली त्या दिवशी मी कुठे होते गं?"

ताईने सुई उशीत खोचून ठेवली. "इतक्या वर्षांनी विचारतेस?"

"आता विचारावंसं वाटलं."

"शेजारी होतीस. त्यांच्या ओट्यावर बसून मटार सोलत होतीस. मी येऊन बघून गेले तुला. मला बजावलं होतं, धाकटीला एक अक्षर बोलायचं नाही. मी तरी केवढी होते? मग तीच सवय लागून गेली." ताई खिडकीबाहेर बघत राहिली. "आई विचारत होती तुला. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. 'धाकटी जेवली का', असं दोनदा विचारलं तिने. मी म्हटलं, जेवली. तू खरंच जेवली होतीस का, मला माहीत नव्हतं."

मावशी म्हणाली, "मटार खाल्ले असणार. कच्चे. मला आवडायचे." दोघी एकदम हसल्या आणि हसता हसता ताईने तिला जवळ ओढलं. त्या दिवशी मावशी संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली. आई कशी बोलायची, कशी चालायची, चिडली की भांडी कशी आपटायची, सगळं विचारून घेतलं. उशी तशीच राहिली.

त्यानंतर मावशीचा निकाल लागायचा बंद झाला. आईबाप विचारायला आले की ती आता फाटे फोडते. म्हणते, "यात एक कुत्रं हरवतं, पण सापडतं. मध्ये अंधाराचा एक लांब भाग आहे. आजोबा वारतात, ते परत येत नाहीत. तुमचं पोर कशाला घाबरतं?" पुष्कळ आईबापांना हे सांगता येत नाही. मग ती म्हणते, "आधी त्यालाच विचारून या." मालकांना सुरुवातीला हे फारच लांबण वाटलं. त्यांचं म्हणणं, माणूस तिकीट काढायला येतो, मुलाखत द्यायला नाही. पण शनिवारची गर्दी काही कमी झाली नाही, आणि खेळानंतर मुलं आणि मोठी माणसं पायऱ्यांवर बोलत उभी राहायला लागली, तेव्हा त्यांनीच तिथे आणखी एक बाक टाकून दिला.

आता ती चुकत नाही असं नाही. मध्यंतरी एका अगदी निरुपद्रवी सिनेमाला तिने चौघा भावंडांना बिनधास्त बसवलं आणि त्यातला धाकटा गाणाऱ्या किटलीला बघून असा काही भेदरला की त्याला उचलून बाहेर आणावं लागलं. मावशी त्याला घेऊन बाकावर बसली, किटली का वाईट होती ते सगळं ऐकून घेतलं. तिला पटलंही. त्या किटलीला दात होते.

शाळेतल्या बाईंनी भिंगरीच्या वर्गात तो बंद केलेला विषय परत उघडला. भिंगरीने उभं राहून सांगितलं की आईला मासे खात नाहीत आणि मुलगी मरत नाही, ज्यांना नीट आठवत नसेल त्यांनी तिला विचारावं. दोनतीन जणांनी विचारलंही. एका मुलाने त्याचे काका गेल्याचं सांगितलं, एकीने तिच्या मांजराचं.

चष्मेवाल्याने दुकानाच्या काउंटरवर, आरशाशेजारी, बायकोचा फोटो लावला आहे. समुद्रावरचा, केस वाऱ्याने उडालेले, डोळे बारीक केलेले. गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघतं तेव्हा तो नजरेस पडतोच. कुणी विचारावं की नाही या विचारात असतं, तोवर बाकावरून भिंगरी उठून येते.

"ही माझी आई," ती सांगते. "ती वारली. तुम्हाला लांबचं दिसत नाही की जवळचं?"